इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम नेमका कोठे द्यावा? एका ई-मेलमुळे पडलेला प्रश्न

शिरोली_डिस्पॅच

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत डिस्पॅचचे काम आणि ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार पाहतो. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि त्यानंतर मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. इंग्रजी वाचताना माझे अडत नाही, फोनवर बोलणेही निभावते. परंतु लिहिताना विरामचिन्हे कोठे द्यावीत याची खात्री मला आजवर कधीच वाटलेली नाही. वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहायचे आणि जेथे थांबावेसे वाटेल तेथे स्वल्पविराम द्यायचा, एवढा एकच नियम मी पाळत आलो. शाळेत आम्हाला असेच सांगितले होते, की स्वल्पविरामाला मनात ‘एक’ म्हणायचे आणि पूर्णविरामाला ‘एक, दोन’.

गेल्या महिन्यात या नियमाने मला चांगलेच अडचणीत आणले. परदेशातील एका ग्राहकाची पंप बॉडीच्या ४०० कास्टिंगची ऑर्डर होती. त्यांपैकी १५० नगांची प्रेशर टेस्ट पूर्ण झाली होती आणि २५० नगांची व्हायची होती. ‘जी कास्टिंग तपासून झाली आहेत, ती पाठवायला तयार आहेत’ असे मला कळवायचे होते, म्हणून मी लिहिले:

‘द कास्टिंग्ज, विच हॅव बीन प्रेशर-टेस्टेड, आर रेडी फॉर डिस्पॅच. वी हॅव कम्प्लीटेड द मशिनिंग, द रिपोर्ट इज अटॅच्ड, प्लीज कन्फर्म. अवर इन्स्पेक्टर हॅज इन्फॉर्म्ड दॅट, द बॅलन्स टेस्टिंग विल बी डन ऑन मंडे.’

ग्राहकाने पहिल्या वाक्यावरून सर्व ४०० नग तपासून तयार आहेत असा अर्थ घेतला आणि त्या हिशेबाने कंटेनरचे बुकिंग केले. शेवटच्या वाक्यातील राहिलेली टेस्टिंग म्हणजे दुसरी एखादी तपासणी असावी, असे त्यांना वाटले. बुकिंग बदलावे लागले आणि त्याचा भुर्दंड आमच्यावर आला. मालकांनी मला दोष दिला नाही. पण ग्राहकाच्या माणसाने फोनवर शांतपणे सांगितले, की तुमच्या वाक्याचा अर्थ तोच होतो, आणि ते मला लागून राहिले. दोन स्वल्पविरामांमुळे १५० चे ४०० कसे झाले, हे मला त्या दिवशी कोणी समजावू शकले नाही.

माझी विनंती अशी आहे, की नियमांची लांबलचक यादी न देता हा विषय मराठीत शिकलेल्या माणसाने मुळापासून कसा समजून घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे. वरील तिन्ही वाक्यांत काय चुकले आहे, हेही दाखवावे.

निवृत्त_शिक्षिका_कागल

आपला प्रश्न वाचून मला माझे वर्ग आठवले. कागल तालुक्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवले, आणि ‘एक’ म्हणायला लावणाऱ्यांत पहिली बरीच वर्षे मीही होते. तो नियम सांगताना आपण मुलांना चुकीच्या वाटेला लावतो आहोत, हे मला उशिरा उमगले. आपल्या भाषेत या सर्व चिन्हांच्या नावांतच ‘विराम’ हा शब्द आहे. पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविराम ही नावे ऐकली, की कोणालाही वाटेल हा श्वास घेण्याचा हिशेब आहे. आजच्या लिखित इंग्रजीत मात्र ही चिन्हे मुख्यतः वाक्याची बांधणी दाखवतात. एक विधान कोठे संपले आणि कोणता भाग कशाला जोडलेला आहे, हे ती सांगतात. बोलताना आपण जेथे थांबतो तेथे कधी चिन्ह येते, कधी येत नाही.

हे असे का, ते आपल्याच कामातील उदाहरणाने पाहू. पुढचे मराठी वाक्य मी मुद्दाम एकही चिन्ह न देता लिहिते: ‘सकाळी भट्टी पेटवली साच्यांत धातू ओतला दुपारपर्यंत कास्टिंग बाहेर निघाली’. हे वाचताना आपण कोठेही अडखळत नाही, कारण मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि तेच विधानाचे दार लावून घेते. ‘ओतला’ म्हटले, की ते विधान संपले. पुढचे ‘दुपारपर्यंत’ नव्या विधानाचे, याबद्दल शंका उरत नाही. आता तेच इंग्रजीत पाहा: ‘द फर्नेस वॉज लिट इन द मॉर्निंग द मोल्ड्स वेअर पोअर्ड बाय नून द कास्टिंग्ज वेअर आउट’. येथे ‘बाय नून’ कोणाचे? धातू ओतण्याचे काम दुपारपर्यंत झाले, की कास्टिंग दुपारपर्यंत बाहेर निघाली? इंग्रजीत क्रियापद मध्ये असते आणि त्याच्या पुढेही वेळ, जागा, कारण असे बरेच काही येऊ शकते. त्यामुळे विधान संपल्याचे शब्दांवरून कळत नाही, ते चिन्हाला सांगावे लागते. मराठीत जे काम क्रियापद करते, त्यातले बरेचसे इंग्रजीत पूर्णविरामाच्या टिंबाकडे आणि त्यापुढच्या मोठ्या अक्षराकडे आहे, एवढी एक गोष्ट मनात पक्की केली, तर बाकीचे पुष्कळ त्यातूनच सुटते.

म्हणून मी मुलांना श्वास मोजायचे सोडून पेन्सिल हातात घ्यायला सांगू लागले. वाक्य लिहून झाले, की काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढायची आणि त्याचा कर्ता शोधायचा. ज्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता आहे आणि जे ‘दॅट’, ‘विच’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ अशा शब्दाच्या आधाराने उभे नाही, ते एक पूर्ण विधान समजायचे. अशी दोन पूर्ण विधाने शेजारी आली, तर त्यांच्यामध्ये नुसता स्वल्पविराम पुरत नाही. आपल्या दुसऱ्या वाक्यात रेघा ओढून पाहा: ‘हॅव कम्प्लीटेड’, ‘इज अटॅच्ड’ आणि ‘कन्फर्म’. तिसऱ्यात कर्ता लिहिलेला नाही, पण ती आज्ञा असल्यामुळे ‘यू’ गृहीत आहे. म्हणजे तीन पूर्ण विधाने आपण दोन स्वल्पविरामांनी बांधली. मराठीत ‘मशिनिंग पूर्ण झाले आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे, कृपया कळवावे’ हे चालते, कारण प्रत्येक तुकडा आपल्या क्रियापदाने बंद झालेला आहे. इंग्रजीत ही ठळक चूक मानली जाते. तेथे पूर्णविराम द्यावा, किंवा दोन विधानांचा संबंध अगदी निकटचा असेल तर अर्धविराम द्यावा, किंवा स्वल्पविरामाच्या जोडीला ‘अँड’, ‘बट’, ‘सो’, ‘ऑर’ यांपैकी एक शब्द ठेवावा. आपल्या पत्रासाठी मी निःसंकोच पूर्णविराम देईन. कामाच्या पत्रात आखूड वाक्यांचे कोणाला वाईट वाटत नाही.

येथे ‘ऊन’ प्रत्ययाचाही उल्लेख करते, कारण मराठी माणसाची लांब वाक्ये त्याच्यावर चालतात. ‘कास्टिंग घासून, तपासून, रंग देऊन पेटीत भरली’ या वाक्यात पूर्ण क्रियापद एकच आहे, ‘भरली’. इंग्रजीत उतरवताना आपण प्रत्येक ‘ऊन’चे काळासहित क्रियापद करतो, प्रत्येकाला ‘वी’ हा कर्ता जोडतो आणि मधले स्वल्पविराम मात्र मराठीप्रमाणे तसेच ठेवतो. नुसत्या स्वल्पविरामांनी जोडलेल्या वाक्यांचे मोठे उगमस्थान हेच आहे. कर्ता एकदाच लिहावा आणि क्रियापदांची यादी करावी, म्हणजे स्वल्पविराम यादीचे होतात आणि वाक्य शुद्ध राहते.

आपले तिसरे वाक्य सोपे आहे. मराठीत ‘इन्स्पेक्टरांनी कळवले, की’ असे लिहिताना ‘की’च्या आधी स्वल्पविराम देण्याची पद्धत आहे आणि बरेच जण तो ‘की’च्या नंतर देतात. इंग्रजीत कळवलेली गोष्ट सांगणाऱ्या ‘दॅट’च्या आधीही तो येत नाही आणि नंतरही येत नाही. शिवाय ‘इन्फॉर्म्ड’ला कोणाला कळवले ते लागते, म्हणून ‘इन्फॉर्म्ड अस दॅट’ लिहावे.

आता पहिले वाक्य, ज्याने आपले नुकसान केले. मराठीत ‘जी… ती’ अशी जोडी असते आणि त्या दोहोंमध्ये स्वल्पविराम येतो, म्हणून आपला हात तेथे आपोआप थांबला. मराठीत त्या स्वल्पविरामाने अर्थ बदलत नाही, कारण ‘जी’ हा शब्दच नगांची निवड करून देतो. इंग्रजीत ती निवड चिन्हावर अवलंबून असते. ‘विच’ने सुरू होणारा भाग दोन स्वल्पविरामांत बंद केला, की तो जाता जाता दिलेली जादा माहिती ठरतो, म्हणजे ‘ही कास्टिंग तयार आहेत, आणि हो, त्यांची टेस्ट झालेली आहे’. स्वल्पविराम काढले, की तोच भाग निवड करू लागतो. म्हणजे ‘ज्यांची टेस्ट झाली तेवढीच तयार आहेत’. ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन गारगोटी, इज अ टीचर’ असे लिहिले, तर भाऊ एकच आहे आणि तो गारगोटीला राहतो. स्वल्पविराम काढले, तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतल्या गारगोटीच्या भावाबद्दल बोलणे चालले आहे, असा अर्थ होतो. आपल्या ग्राहकाने वाचले ते बरोबरच वाचले. निवड करायची असेल तेव्हा स्वल्पविराम न देता ‘दॅट’ वापरण्याची सवय लावली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

राजारामपुरी_८वी_गल्ली

आता संगणकावर आणि मोबाईलवर व्याकरण तपासणारी साधने आहेत. पत्र त्यात टाकले, की चिन्हे आपोआप सुधारून मिळतात. एवढे शिकण्यात वेळ घालवण्यापेक्षा ती वापरावीत, असे माझे मत आहे.

शिरोली_डिस्पॅच

मीही ते पत्र पाठवण्यापूर्वी अशाच एका साधनात टाकले होते. त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याखाली रेघ दाखवली, ती मी घाईत दुर्लक्षिली, ही माझी चूक. पहिल्या वाक्याखाली मात्र त्याने काहीच दाखवले नाही. बाईंचे उत्तर वाचल्यावर त्याचे कारण लक्षात आले. ते वाक्य स्वल्पविरामांसहित शुद्धच होते, फक्त ते माझे म्हणणे नव्हते. शेडमध्ये किती नग तपासून झाले आहेत, हे त्या साधनाला कसे कळणार?

मोडीवाचक

बाईंचे क्रियापदाविषयीचे विवेचन वाचून राहवले नाही. मी मोडी कागद वाचण्याचे काम करतो. कोल्हापूरच्या पुरालेखागारात बसून ज्यांनी जुनी दफ्तरे चाळली आहेत, त्यांना माहीत असेल, की मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे ओळीने लिहीत जातात, हात शक्य तो उचलत नाहीत, आणि दोन शब्दांतही अंतर सोडत नाहीत, मग विरामचिन्ह कोठून असणार. नवशिक्या वाचकाला अक्षरे लागतात, पण वाक्य लागत नाही. मला माझ्या गुरुजींनी पहिला धडा दिला तो हाच, की क्रियापद धर, म्हणजे वाक्य हाती येईल. ‘केले असे’, ‘पाठविले असे’, ‘करणे’, ‘जाणिजे’ असे शब्द आले, की तेथे पेन्सिलीने हलकी खूण करायची (मूळ कागदावर नव्हे, आपल्या नकलेवर). पत्र संपल्याचे सांगायलाही टिंब नव्हते, शब्दच होते: ‘बहुत काय लिहिणे’, ‘लेखनसीमा’. त्याखाली ‘मर्यादेयं विराजते’ असा मोर्तबाचा शिक्का उमटला, की त्यापुढे कोणाला काही घुसडता येऊ नये, अशी व्यवस्था होती. आपल्या भाषेत शेवट शब्दांनी सांगण्याची रीत इतकी खोल आहे.

विरामचिन्हे मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलाबरोबर आणि छपाईबरोबर. ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या आणि पुढे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामात सहभागी असलेले कँडी ते हेच. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला, मराठीने इंग्रजीचे टिंब घेतले. म्हणजे चिन्हांची आकृती आपण इंग्रजीकडून घेतली, पण वाक्याची बांधणी आपली राहिली, आणि त्यामुळेच तीच आकृती दोन भाषांत दोन कामे करते. शिरोलीकरांच्या पत्रात नेमके हेच घडले, असे मला वाटते.

बाईंशी एका बाबतीत माझा थोडा मतभेद आहे. श्वासाचा हिशेब अगदीच निराधार नाही. ही चिन्हे मुळात मोठ्याने वाचणाऱ्यासाठीच जन्मली. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातील बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफेनिस याने इसवी सनापूर्वी सुमारे २०० च्या काळात ग्रीक मजकुरासाठी ओळीच्या खाली, मध्ये आणि वर अशी तीन उंचींची टिंबे सुचवली होती, ती लहानमोठ्या थांब्यांसाठी. आणि कॉमा, कोलन, पीरियड ही आजची नावे तेव्हा चिन्हांची नव्हती, बोलण्याच्या लहानमोठ्या तुकड्यांची होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधील मुद्रक आल्दुस मानुतिउस याच्या छापखान्यातून आजच्यासारखा अर्धविराम बाहेर पडला, आणि पुढे मनातल्या मनात वाचण्याची रीत वाढली, तशी ही चिन्हे कानाकडून व्याकरणाकडे सरकत गेली. म्हणून चिन्ह ठरवण्यासाठी क्रियापदच धरावे, हे मान्य. पण पत्र लिहून झाल्यावर ते एकदा मोठ्याने अवश्य वाचावे. वाचताना दम लागला, तर तेथे स्वल्पविराम घालू नये, वाक्यच तोडावे.

निवृत्त_शिक्षिका_कागल

हा मतभेद मी आनंदाने मान्य करते. वाक्य लांबले आहे हे कान सांगतो. चिन्ह कोणते द्यायचे ते सांगू शकत नाही. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे लांब कर्त्यानंतर येणारा स्वल्पविराम. ‘ऑल द स्टुडंट्स हू हॅव पेड द फी फॉर द पन्हाळा ट्रिप, शुड कम ॲट सेव्हन’ अशी सूचना मी कितीतरी फलकांवर पाहिली आहे. ‘ट्रिप’पाशी श्वास संपतो, म्हणून स्वल्पविराम पडतो, परंतु इंग्रजीत कर्ता कितीही लांब असला, तरी तो आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येऊ शकत नाही.

रंकाळा_वकील

मी कोल्हापुरात वकिली करतो. खालच्या न्यायालयांत आमचे बरेचसे काम मराठीत चालते, परंतु १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यापासून इंग्रजी मसुदे लिहिण्याचे प्रमाण आमच्याकडे फार वाढले आहे, आणि शिरोलीकरांना पडलेला प्रश्न माझ्या कार्यालयातील तरुण सहकाऱ्यांना रोज पडतो. त्यांना मी दोन प्रकरणे वाचायला देतो.

पहिले आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले, मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हे १९७९ च्या निर्णयसंग्रहात छापलेले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये त्या वेळी असे शब्द होते: ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’. प्रश्न असा होता, की औषधे नुसती जवळ बाळगणे हा या कलमाखाली गुन्हा होतो का. न्यायालयाने स्वल्पविराम कोठे आहेत आणि कोठे नाहीत ते पाहिले. पहिल्या दोन कृतींनंतर स्वल्पविराम आहे, ‘स्टॉक्स’नंतर मात्र नाही, म्हणून ‘फॉर सेल’ हे शब्द मांडण्याला लागू होतात तसेच साठवण्यालाही लागू होतात, आणि साठा विक्रीसाठी होता हे सिद्ध झाल्याशिवाय नुसती साठवण या कलमात बसत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. एका न दिलेल्या स्वल्पविरामावर माणसाची शिक्षा अवलंबून होती.

दुसरे अमेरिकेतील मेन राज्याचे आहे आणि दुधाच्या धंद्यातले असल्यामुळे आपल्या जिल्ह्यात ते लवकर समजते. तेथील ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. राज्याच्या कायद्यात ज्या कामांना असा मोबदला लागू नव्हता, त्यांच्या यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. डेअरीचे म्हणणे, की वितरण हे यादीतील वेगळे काम आहे. चालकांचे म्हणणे, की ‘पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणे’ हे एकच काम आहे आणि आम्ही पॅकिंग करत नाही. चालकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता, तो म्हणजे यादीतील बाकी सर्व कामांची नावे ‘इंग’ने संपत होती आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ तसे नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून निकाल चालकांच्या बाजूने दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला तडजोड झाली. न्यायालयाच्या निकालानंतर तेथील विधिमंडळाने ती यादी पुन्हा लिहिताना कामांच्या मध्ये अर्धविराम घातले.

तरीही या दोन प्रकरणांवरून चिन्हांवर विसंबून राहावे असा बोध कोणी घेऊ नये. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरविंद बोस या प्रकरणात कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा गौण घटक आहे, असे म्हटले आहे. म्हणजे चिन्ह तुम्हाला वाचवील की नाही, हे आधी सांगता येत नाही. माझा सहकाऱ्यांना एकच आग्रह असतो: एखाद्या वाक्याचा अर्थ एका स्वल्पविरामावर उभा असेल, तर ते वाक्य मोडून दुसरे लिहा. शिरोलीकरांनी ‘दॅट’ लिहिले असते तरी ग्राहकाला किती नग तयार आहेत ते कळले नसते. १५० हा आकडा पत्रात हवा होता.

इंदुमती_नगर

स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे. ‘इट्स’ या शब्दात अपॉस्ट्रॉफी केव्हा द्यायची, यात माझा दर वेळी गोंधळ होतो. कृपया सांगावे.

निवृत्त_शिक्षिका_कागल

त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ ठेवून वाक्य वाचावे. अर्थ जुळला तर अपॉस्ट्रॉफी द्यावी. ‘त्याचे, तिचे’ असा अर्थ असेल तर देऊ नये, जशी ती ‘हिज’ आणि ‘हर्स’ला नसते. नामांच्या बाबतीत मात्र ती एक की अनेक हे सांगते. ‘फार्मर्स लोन’ ऐकताना सारखेच वाटते; अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी असेल तर कर्ज एका शेतकऱ्याचे, नंतर असेल तर अनेकांचे.

शिरोली_डिस्पॅच

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे गेले चार दिवस मी जुनी पाठवलेली पत्रे छापून घेऊन क्रियापदांखाली रेघा ओढत आहे. वकीलसाहेबांचा आकड्याचा मुद्दाही मनाला पटला. तेच पत्र मी पुन्हा लिहून पाहिले आहे, कृपया तपासावे:

‘वी हॅव मशीन्ड ऑल फोर हंड्रेड कास्टिंग्ज. वन हंड्रेड अँड फिफ्टी हॅव पास्ड द प्रेशर टेस्ट अँड आर रेडी फॉर डिस्पॅच. द रिमेनिंग टू हंड्रेड अँड फिफ्टी आर पॅक्ड सेपरेटली, हाउएव्हर दे विल बी टेस्टेड ओन्ली ऑन मंडे. व्हेन द टेस्ट इज कम्प्लीट, वी विल सेंड द रिपोर्ट. प्लीज कन्फर्म, इफ यू वॉन्ट टू शिपमेंट्स.’

दुसऱ्या वाक्यात ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर मी बराच वेळ अडलो. शेवटी ‘आर रेडी’ला वेगळा कर्ता नाही, म्हणून दिला नाही.

निवृत्त_शिक्षिका_कागल

दुसऱ्या वाक्यातील आपला विचार अगदी बरोबर आहे, आणि तो आपण स्वतः केला याचा मला फार आनंद वाटतो. दोन जागा राहिल्या आहेत.

‘हाउएव्हर’ला आपण ‘बट’च्या जागी बसवले आहे. त्या दोघांतील फरक मराठीतच दडलेला आहे. ‘परंतु’ या अर्थाचे ‘पण’ सहसा आपल्या विधानाच्या तोंडाशी बसते: ‘नग भरून ठेवले आहेत, पण टेस्ट सोमवारी होईल’. ‘मात्र’ आत सरकते: ‘टेस्ट मात्र सोमवारी होईल’. ‘बट’ म्हणजे ‘पण’ आणि ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘मात्र’, असे लक्षात ठेवा. ‘दे विल, हाउएव्हर, बी टेस्टेड’ असे तो शब्द आत सरकवून लिहिता येते. जो शब्द असा जागा बदलू शकतो, तो दोन विधानांना जोडणारा सांधा होऊ शकत नाही. म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा आणि त्याच्या नंतर स्वल्पविराम. किंवा ‘हाउएव्हर’ काढून तेथे ‘बट’ लिहावे, म्हणजे आधीचा स्वल्पविराम पुरतो. माझी पसंती ‘बट’ला राहील.

दुसरी जागा शेवटच्या वाक्याची. ‘व्हेन द टेस्ट इज कम्प्लीट’ हा आधाराचा भाग आधी आला, म्हणून त्यानंतरचा स्वल्पविराम बरोबर आहे. ‘इफ’चा भाग मात्र येथे मागे आला आहे, आणि असा भाग मागे आला की सहसा स्वल्पविराम लागत नाही. मराठीत ‘जर… तर’ आणि ‘जेव्हा… तेव्हा’ यांच्यामध्ये आपण नेहमी स्वल्पविराम देतो, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ लागतो. शिवाय ‘कन्फर्म इफ’ऐवजी येथे ‘प्लीज लेट अस नो व्हेदर यू वॉन्ट टू शिपमेंट्स’ असे लिहिणे अधिक चांगले. या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊ नये. ग्राहकाला आपण प्रश्न विचारत नाही, कळवण्याची विनंती करतो आहोत.

सरावासाठी एक सुचवते. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा जवळच्या कोणत्याही वाचनालयात जाऊन चांगल्या इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातील एक परिच्छेद सर्व चिन्हे आणि मोठी अक्षरे गाळून वहीत उतरवावा. दोन दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे मूळ छापील रूप डोळ्यांसमोरून पुसले जाईल. मग क्रियापदांखाली रेघा ओढून चिन्हे स्वतः द्यावीत आणि मूळ मजकुराशी ताडून पाहावीत. जेथे फरक पडेल, तेथे मराठी वाक्य मनात कसे आले होते, ते शेजारी लिहून ठेवावे.

शिरोली_डिस्पॅच

बाई, दोन्ही दुरुस्त्या केल्या. आज सकाळी दुसऱ्या एका ग्राहकाला पत्र पाठवायचे होते. ६० नगांपैकी ४२ तयार होते. पत्राच्या पहिल्याच वाक्यात दोन्ही आकडे लिहिले आणि सर्व क्रियापदांखाली रेघा ओढून झाल्यावरच ते पाठवले. दुपारी त्यांचे उत्तर आले, की ४२ नगांसाठी गाडी उद्या पाठवत आहोत.